पडद्यावरील नृत्यगुरू

बॅलेवरील चित्रपट पाहताना आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवते. पडद्यावर गुरू म्हणून जो मिरवतो, तो बहुधा शिकवीत नाही. तो निवडतो, हुकूम सोडतो आणि मालकी सांगतो. १९४८ च्या ‘द रेड शूज’मधील लेर्मोंतोव्ह हा नृत्यसंस्थेचा चालक. कला की प्रेम, असा पेच तो व्हिकीपुढे टाकतो आणि त्या ओढाताणीत तिचा जीव जातो. २०१० च्या ‘ब्लॅक स्वान’मधील कलादिग्दर्शक नीनाने स्वतःला विसरावे म्हणून तिला डिवचत राहतो, ती कोसळते तेव्हा प्रयोग मात्र यशस्वी झालेला असतो.

दोन्ही चित्रपट देखणे आहेत, हे मान्य. व्हिकी साकारणारी मॉयरा शिअरर तर खरीच बॅले नर्तकी. परंतु थोर कला बळी मागतेच, हा त्यांतला सूर आम्हांस पटत नाही.

त्याचे उत्तर ‘बिली इलियट’ (२०००) या चित्रपटात सापडते. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपकाळात विल्किन्सनबाई एका खाणकामगाराच्या मुलाला नृत्य शिकवितात. बाईही फटकळच, पण त्या स्वतः उभ्या राहून शिकवितात, वेगळा वेळ देऊन रॉयल बॅले स्कूलच्या निवडचाचणीची तयारी करून घेतात आणि निवड झाल्यावर गहिवर न दाखविता निरोप देतात. अखेरीस बिली रंगमंचावर झेप घेतो, तेव्हा प्रेक्षागृहात वडील आणि भाऊ दिसतात; बाई दिसत नाहीत. दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री यांनी हे हेतुतः केले असो वा नसो, खऱ्या गुरूची ओळख आम्हांस तेथेच पटली.