सापडलेलं प्रेत आणि हरलेले गुप्तहेर : 'जाने भी दो यारों' पुन्हा पाहताना

मागच्या वेळी आम्ही कबूल केलं होतं की पुढचं व्याख्यान हिंदीतल्या बावळट गुप्तहेरांवर करू. तयारी म्हणून 'दो जासूस' (१९७५) आणि 'गोपीचंद जासूस' (१९८२) पुन्हा पाहिले. दोन्हींत राज कपूर आहे. पण खरं सांगायचं तर तासभर बोलावं इतकं काही हाती लागलं नाही. या जातीच्या सिनेमात गुप्तहेर धडपडतो, भलत्याच माणसामागे लागतो, आणि शेवटी नशिबाने गुन्हेगार आपणच त्याच्या पायात येऊन पडतो. आपण हसतो, घरी जातो.

मग ठरवलं, ज्यांच्या दारावर गुप्तहेराची पाटीच नाही अशा दोघांवर बोलायचं. विनोद आणि सुधीर. 'ब्यूटी फोटो स्टुडिओ'चे मालक, गिऱ्हाईक शून्य. सिनेमा १९८३ चा, दिग्दर्शक कुंदन शाह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, आणि तोही बेताचाच.

आमच्यापैकी बहुतेकांनी हा सिनेमा टॉकीजमध्ये पाहिलेला नाही. दूरदर्शनवर पाहिला. महालातल्या वाड्यात एक टीव्ही, समोर तीस माणसं, आणि महाभारताचा प्रसंग आला की पुढचं काही ऐकूच येत नसे इतका हशा. तो हशा आमच्या कानात तसाच राहिला होता. गेल्या रविवारी आठ-दहा जणांनी मिळून तो पुन्हा पाहिला, आणि शेवटच्या वीस मिनिटांत खोलीत कुणी बोलेना. आता हे काय झालं, ते समजून घ्यायचा आजचा प्रयत्न.

गुप्तहेरकथा वाचकाला एक वचन देते. सत्य लपलेलं आहे, ते शोधणारा हवा. शोधलं की बाकीचं आपोआप होतं. शेरलॉक होम्स घ्या, नाहीतर आपले बाबूराव अर्नाळकरांचे नायक घ्या, वचन तेच. बावळट गुप्तहेराच्या सिनेमात गंमत एवढीच, की शोधणारा अडाणी असतो. म्हणजे अपयश आलं तर ते त्याच्या डोक्याचं.

आता विनोद-सुधीरकडे बघा. हे दोघं वेंधळे आहेत यात वादच नाही. पण त्यांना सापडत नाही असं काय आहे? बिल्डर तरनेजा आणि आयुक्त डिमेलो यांचं साटंलोटं त्यांना सापडतं. स्पर्धेसाठी काढलेला एक फोटो मोठा करता करता त्यात खून सापडतो. मग कफलिंक सापडते. आणि शेवटी उड्डाणपुलाखाली पुरलेलं आयुक्ताचं प्रेत, शवपेटीसकट सापडतं. होम्सलाही यापेक्षा जास्त काय मिळालं असतं? त्यांचा तपास शंभर टक्के यशस्वी आहे, मंडळी. आणि तरी ते हरतात.

फोटो मोठा करण्याची कल्पना अंतोनिओनीच्या 'ब्लो-अप'मधली, १९६६ च्या. कुंदन शाहांनी ती लपवलेली नाही, बागेचं नावच 'अंतोनिओनी पार्क' ठेवलंय. पण फरक पाहण्यासारखा आहे. तिथे फोटो जितका मोठा होतो तितका धूसर होतो, प्रेत नाहीसं होतं, आणि फोटोग्राफरला प्रश्न पडतो की आपण पाहिलं ते खरं होतं का. आपल्याकडे उलट. पुरावा घट्ट होत जातो. आधी कागदावरचे ठिपके, मग धातूची कफलिंक, मग अख्खा सतीश शाह. पुरावा एवढा जडजूड होतो की त्याला रोलर स्केट घालून पळवावं लागतं! युरोपातल्या त्या फोटोग्राफरची अडचण 'सत्य कळेल का' ही होती. इथे सत्य सगळ्यांना कळलेलं आहे, आणि प्रत्येक जण त्याची किंमत विचारतोय.

आता महाभारत. हा प्रसंग आजकाल सुटा फिरतो, मोबाइलवर, पाच-सात मिनिटांचा. आमची तक्रार इथेच आहे. सुटा पाहिला की तो निव्वळ धमाल होतो. मराठी प्रेक्षकाला तर तो ओळखीचाच वाटणार. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं होतं. गावातली मंडळी द्रौपदीचं नाटक करायला निघतात आणि सगळा विचका होतो. आणि आपण विदर्भातले लोक, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर जागून पाहणारे. ऐनवेळी नट बदलला, मिशी पडली, पात्र प्रवेश विसरलं, हे आपल्याला नवं नाही. पण 'वस्त्रहरण'मध्ये गोंधळ घालणारे सगळे घरचे असतात. नाटक पडलं तरी सकाळी तीच माणसं एकमेकांच्या दारात चहा प्यायला बसणार. या सिनेमात रंगमंचावर बाहेरचे लोक घुसतात. काळा चष्मा लावलेला भीम म्हणजे बिल्डर आहुजा. आणि द्रौपदीच्या साडीत आहे आयुक्ताचं प्रेत.

म्हणजे तिथे ओढाताण वस्त्रासाठी नाहीच, पुराव्यासाठी आहे. मूळ कथेत भर सभेत द्रौपदीला हात लावू नका म्हणणारा विकर्णासारखा एखादाच. इथे वस्त्रहरण होऊ नये म्हणून सगळेच धडपडतात, कारण पदर सुटला तर प्रेत दिसेल. लाज राखायची आहे ती प्रेताची नाही, व्यवहाराची.

आणि या सगळ्यात एक पात्र आपल्या जागेवर बसून पुनःपुन्हा विचारत राहतं की हे चाललंय काय. धृतराष्ट्र. आम्ही लहानपणी त्यालाच सर्वांत जास्त हसलो. या वेळी लक्षात आलं, त्या रंगमंचावर गुप्तहेराचा प्रश्न विचारणारा तो एकटाच आहे. तो आंधळा, आणि त्याला उत्तर कुणी देत नाही.

शोभाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण मराठी लेखनात ती राहून जाते. 'खबरदार'ची संपादक, भक्ती बर्वे. 'ती फुलराणी'ची मंजुळा, आणि दूरदर्शनवर बातम्या सांगणारा आवाज. ज्या आवाजावर घराघरात विश्वास होता, तो आवाज इथे भ्रष्टाचार उघडा करतो म्हणत फोटोंचा सौदा करतो. गंमत म्हणजे भक्तीताई सूर बदलत नाहीत. कामाला लावताना जो गोड, नेमका स्वर, तोच सौदा करताना. खलनायिका झाली हे सांगायला भुवई वर जात नाही. आमच्या मते सिनेमातलं सर्वांत धारदार काम हेच. पंकज कपूरचा तरनेजाही उत्तम आहे, (दोन वर्षांनी तोच 'करमचंद' होऊन गाजर खात गुन्हे उकलणार होता, बघा!) पण तरनेजा पहिल्यापासून तरनेजाच असतो.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. टेलिफोनचा विनोद ताणलाय. बुरख्यातल्या बायकांच्या घोळक्याचा गोंधळ आज पाहताना आम्ही अवघडलो. दारू प्यालेला आहुजा शवपेटीला बिघडलेली गाडी समजून तिच्याशी गप्पा मारतो तो प्रसंग मात्र लांब असूनही आम्ही एक फ्रेम कापू देणार नाही. अख्ख्या सिनेमात डिमेलोशी माणुसकीने बोलणारा तो एकच माणूस, आणि तोही नशेत.

शेवटी पूल पडतो आणि आरोप येतो या दोघांवर. मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, माणसं गेली. आधीच्या तपासणीत तो ठीकठाक ठरला होता. आपण तर वर्धा रोडवर रोज त्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाखालून जातो, विक्रमाचा अभिमानही बाळगतो. या सिनेमानंतर वर बघायची सवय लागते, एवढंच.

कैद्याच्या कपड्यांत दोघं रस्त्यावरून चालतात, मागे 'हम होंगे कामयाब', आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. रविवारी इथे आमच्यातल्या एकीचा अकरावीतला मुलगा म्हणाला, "पण काका, फोटो होते ना त्यांच्याकडे?" कुणाला पटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही सिनेमा मागे नेला, आणि ते फोटो कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेले हे बोटांवर मोजायला बसलो. विनोद-सुधीर, शोभा, पुन्हा विनोद-सुधीर, मग नवा आयुक्त श्रीवास्तव. मुलगा म्हणाला, "बस? एवढेच?"