टेस्टामेंट : कफन शिवणाऱ्या आईची गोष्ट

अणुयुद्धावरचा चित्रपट म्हटला की आगीचे लोळ आणि कोसळणाऱ्या इमारती डोळ्यांपुढे येतात. लिन लिटमन या दिग्दर्शिकेच्या 'टेस्टामेंट' (१९८३) या अमेरिकन चित्रपटात यातले जवळजवळ काहीच नाही. दूरदर्शन संचावरचा कार्यक्रम तुटतो, बातमी येते, खिडकीतून डोळे दिपवणारा प्रकाश आत शिरतो. बस्स, युद्ध एवढेच. कोणी कोणावर बॉम्ब टाकला, हेही शेवटपर्यंत कळत नाही. पुढचा सारा चित्रपट घडतो तो एका घरात आणि त्या घरातल्या आईच्या मनात.

कॅरोल अमेन या लेखिकेच्या कथेवरून हा चित्रपट घेतला आहे. कॅलिफोर्नियातल्या हॅमेलिन नावाच्या काल्पनिक गावात कॅरोल वेदरली ही गृहिणी तीन मुलांसह राहते. नवरा टॉम सॅन फ्रान्सिस्कोला कामाला गेलेला आहे. गावावर बॉम्ब पडत नाही, पण वाऱ्याबरोबर किरणोत्सार येतो आणि माणसे एकेक करून मरू लागतात.

या चित्रपटाची परीक्षणे लिहिणारे बहुधा आईच्या धीराचे कौतुक करतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. धीर ही कॅरोलच्या प्रवासातली फक्त पहिली पायरी आहे. तिच्या भावना कशा बदलत जातात हे ती बोलून दाखवत नाही. ते तिच्या हातांतल्या कामांतून कळते. आरंभी हे हात घर सावरतात. मुलांना जवळ घेणे, खाणे पुरवून वापरणे, टॉमची वाट पाहणे. या काळात तिला भीती आहे, पण आशाही आहे. पुढे धाकटा स्कॉटी जातो. त्याला परसात पुरायची वेळ येते तेव्हा ती त्याच्या खेळण्यातल्या अस्वलासाठी वेड्यासारखी घर धुंडाळते. अस्वलाशिवाय त्याला मातीत ठेवायला ती तयार नाही. इथे धीर सुटतो, आणि तो सुटलेला दाखवणे हेच या चित्रपटाचे मोठेपण आहे.

त्यानंतर मुलगी मेरी लिझ आजारी पडते. आई चादर घेऊन शिवायला बसते. ती काय शिवते आहे हे आपल्या वाचकांना कोणी सांगायला नको. मुलांचे कपडे शिवणारे, बटणे लावणारे हात आता कफन शिवत आहेत. जेन अलेक्झांडर या अभिनेत्रीने हा प्रसंग एकही हुंदका न देता उभा केला आहे. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी दुःखापेक्षा थकवा अधिक आहे. दुःखाला अश्रू लागतात, आणि तिचे अश्रू संपलेले आहेत.

फोनला जोडलेल्या यंत्रातला टॉमचा जुना निरोप तिला अचानक सापडतो तो प्रसंगही असाच. कामामुळे आपण शहरातच थांबत असल्याचे तो सांगतो. तेवढ्यावरून ती समजते की आता वाट पाहण्यात अर्थ नाही. जो आवाज ऐकायला ती आसुसलेली होती, त्याच आवाजाने तिची आशा संपवली.

शाळेतल्या नाटकाचा प्रसंग आम्हा शिक्षकांच्या मनात विशेष रुतून बसतो. मृत्यू दारात असताना गावकरी मुलांचे ठरलेले नाटक करायचेच ठरवतात. नाटक कोणते, तर हॅमेलिनच्या पुंगीवाल्याचे. मोठ्यांनी वचन मोडले आणि गावाने मुले गमावली, अशी ती गोष्ट. प्रेक्षकांत बसलेले आईबाप काय पाहत आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपटात उणीव नाही असे नाही. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीच्या मातांना जळालेली, सोललेली लेकरे पाहावी लागली. इथला मृत्यू त्यामानाने फार स्वच्छ आहे. कॅरोलचा संतापही एकदाच उसळतो आणि विरतो. तो आणखी काही वेळ पडद्यावर राहायला हवा होता.

शेवटी ती उरलेल्या मुलाला, ब्रॅडला, आणि हिरोशी या पोरक्या जपानी वंशाच्या मुलाला घेऊन बंद गॅरेजमध्ये गाडीत बसते. विषारी धुराने सर्व संपवायचे ठरवते, पण तिच्याने होत नाही. मग ब्रॅडच्या वाढदिवसाला बिस्किटावर मेणबत्त्या लावल्या जातात. काय मागायचे, असे विचारल्यावर ती सुचवते की चांगले आणि भयंकर, सारेच आपल्या लक्षात राहावे. टेस्टामेंट म्हणजे वसीयत. या आईकडे मागे ठेवायला घर नाही, दौलत नाही. तिची वसीयत म्हणजे आठवण.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या, तेव्हा दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. म्हणून ही अमेरिकेतली गोष्ट आपल्याला परकी नाही. आईच्या सब्रची तारीफ आपण सारेच करतो. पण ती तारीफ कधी कधी युद्ध करणाऱ्यांच्या सोयीची ठरते. आई सोसून घेईल, असे म्हटले की त्यांना जाब विचारायचे राहून जाते. कॅरोल सोसते, मोडते आणि तरीही विसरायला नकार देते. आमच्या मते या चित्रपटाची खरी ताकद त्या नकारात आहे.