दारातच थांबलेला वाचक

मुस्लिम मराठी साहित्याविषयी बोलताना लेखकाचा विचार पुष्कळ झाला, वाचकाचा फारसा झाला नाही. लेखकाची जाणीव कोणती, त्याची भाषा घरची की शाळेची, तो स्वतःला मुस्लिम लेखक म्हणवतो की नुसता लेखक, यावर आमच्या परिसंवादांतून तासन् तास चर्चा झाल्या आहेत. पण ज्याच्यासाठी हे सारे लिहिले त्या वाचकाला हा लेखक सापडतो कसा? कोणत्या वाटेने तो त्याच्यापर्यंत येतो, आणि आल्यावर त्याचे पुस्तक खरोखरच वाचतो काय?

१९९० साल आम्हाला या संदर्भात नेहमी आठवते. त्या वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मुसलमान मराठीत लिहितात ही गोष्ट तेव्हा अनेकांना बातमीसारखी वाटली. वास्तविक शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सतराव्या शतकातला. वा. सी. बेंद्रे यांनी तो १९५९ मध्ये संपादित केला, रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' १९६७ मध्ये आले. तरीही आश्चर्य वाटायचे ते वाटलेच. 'तुमचे मराठी चांगले आहे हो' हे वाक्य आमच्यापैकी किती जणांनी किती वेळा ऐकले असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आमचे निरीक्षण असे की मराठी वाचक मुसलमान लेखकाकडे बहुधा त्याच्या लेखनातून येतच नाही. तो दुसऱ्याच कुठल्या तरी दाराने येतो आणि दारातच थांबतो. शेख महंमद 'ऐक्याचे प्रतीक' म्हणून भाषणात येतात, 'योगसंग्राम' कपाटात राहतो. अमर शेख यांचा पहाडी आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणीत घुमतो, पण 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह वाचलेला माणूस आम्हाला क्वचितच भेटला. मलिका अमर शेख यांच्यापर्यंत वाचक वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावावरून पोहोचतो. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन १९८४ सालचे. त्याची चर्चा नामदेव ढसाळांविषयीच अधिक झाली. आत्मकथन लिहिणारी बाई त्याआधीच 'वाळूचा प्रियकर' या संग्रहाची कवयित्री होती, ही माहिती पुष्कळांना उशिरा, काहींना जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये आल्यानंतर झाली. आपल्याच भाषेतली कवयित्री इंग्रजीला वळसा घालून सापडावी, याला काय म्हणावे!

या सगळ्यांत हमीद दलवाई यांचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते, आणि सर्वांत अवघडही. अवघड अशासाठी की तेथे दोष केवळ प्रस्थापितांवर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही.

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. जन्म १९३२ चा, मृत्यू १९७७ चा. उणेपुरे चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य. १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ, ही माहिती त्यांच्या समर्थकाला असते आणि विरोधकालाही. त्याआधी 'लाट' हा कथासंग्रह १९६१ मध्ये आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली होती, हे मात्र दोघेही एका ओळीत उरकतात. एका तालुक्याच्या वाचनालयात आम्ही 'इंधन' मागितली तेव्हा ती कादंबऱ्यांत सापडेना. शेवटी 'समाजसुधारणा' अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटात मिळाली. ग्रंथपालांची त्यात काही चूक नव्हती. लेखकाचे नाव पाहून त्यांनी जागा ठरवली, आणि आमची समीक्षा तरी दुसरे काय करत आली आहे?

आमच्या बिरादरीत तर ते नाव काढण्याचीच चोरी होती. दलवाईंच्या राजकीय मतांशी आमचेही मतभेद आहेत. समाजाच्या दारिद्र्याचा आणि असुरक्षिततेचा हिशेब त्यांच्या मांडणीत पुरेसा येत नाही, असे आम्हाला आजही वाटते. पण मतभेद असणे वेगळे आणि कादंबरी न वाचताच बाजूला सारणे वेगळे. आम्ही कित्येक वर्षे दुसरे केले, हे येथे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे मामू निवृत्त शिक्षक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना वाचायची मनाई होती आणि वाचल्याशिवाय त्यांना करमत नसे. संध्याकाळी आम्ही त्यांना वाचून दाखवत असू. एकदा 'इंधन' घेऊन बसलो. पुस्तकाला वाचनालयाचे खाकी कव्हर होते आणि लेखकाचे नाव आम्ही मुद्दामच सांगितले नाही. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला आजारी माणूस, घरातले ताणलेले संबंध, जमिनीवरून आणि जुन्या मानपानावरून गावात साचलेले वैर, हे सारे मामू डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "किने लिख्या रे ये? गांव देखेला आदमी है." आम्ही नाव सांगितले. मामू काही बोलले नाहीत. उठून मगरीबच्या नमाजला गेले. आम्हाला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारून म्हणाले, "ला वो किताब. आगे पढ."

मामूंनी जे ओळखले ते आमच्या समीक्षेला का ओळखता आले नाही? 'इंधन'ची स्तुती करणारेसुद्धा 'मुस्लिम जीवनाचे दुर्मीळ दर्शन' हे शब्द वापरतात. हे शब्द आम्हाला खटकतात. दर्शन म्हणजे माहिती. जणू कादंबरी वाचायची ती मुसलमानांच्या घरात काय चालते ते डोकावून पाहण्यासाठी. 'इंधन' ही मुसलमानांची कादंबरी नाही, ती एका गावाची कादंबरी आहे. त्या गावात मुसलमान एक नाहीत आणि हिंदूही एक नाहीत. खोती गेली तरी खोतीची मिजास उरली आहे, कुळांना आपल्या बळाची जाण येते आहे, आणि धर्माच्या नावाने जो भडका उडतो त्याला लागणारे सरपण आधीच रचून ठेवलेले आहे. हे नाव लेखकाने उगाच दिलेले नाही. दंगलीमागचा एकच खलनायक दाखवून वाचकाला निर्धास्त करण्याचा सोपा मार्ग दलवाईंनी घेतला नाही. त्यांचा निवेदक सुधारक विचारांचा आहे, पण त्याचा सुधारकपणा कुणाच्याच उपयोगी पडत नाही. पुढे सारे आयुष्य चळवळीला देणाऱ्या माणसाने, चळवळीआधीच, तिच्या मर्यादा इतक्या निर्दयपणे लिहून ठेवाव्यात, हे आम्हाला विलक्षण वाटते. दलवाईंच्या भाषणांत असलेली खात्री या कादंबरीत नाही. म्हणूनच ती कादंबरी आहे.

आणखी एक गोष्ट देशावरच्या आमच्यासारख्या वाचकांना या पुस्तकाने शिकवली. आमच्या घरात दखनी. कोकणी मुसलमानाची बोली मराठी-कोकणीच्या घरातली. त्याची शेती वेगळी, समुद्र वेगळा, परदेशी गेलेला भाऊ वेगळा. आम्ही 'मुस्लिम मराठी' असा एकच शब्द उच्चारतो तेव्हा सोलापूरचा विणकर आणि चिपळूणचा बागायतदार त्यात सहज कोंबून टाकतो. म्हणजे दलवाई बहुसंख्याक वाचकालाच नवे होते असे नाही. आम्हालाही ते नवेच होते, आणि आम्ही तर त्यांना आपले किंवा परके ठरवून मोकळेही झालो होतो.

कादंबरीत उणीव नाही असे नाही. त्यातल्या स्त्रिया निवेदकाच्या नजरेतूनच दिसतात. त्यांच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला तर्काने समजून घ्यावे लागते. स्त्रियांच्या प्रश्नावर मोर्चा काढणाऱ्या लेखकाच्या कादंबरीत असे व्हावे, याची चर्चा व्हायला हवी होती. ती होण्यासाठी आधी कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी लागते. दिलीप चित्रे यांनी 'इंधन' इंग्रजीत नेली, साधना प्रकाशनाने दलवाईंच्या विखुरलेल्या कथा 'जमीला जावद आणि इतर कथा' या नावाने त्यांच्या पश्चात एकत्र आणल्या. पुस्तके आता मिळतात. 'मिळत नाही' ही सबब निदान त्यांच्याबाबत उरलेली नाही.

'इंधन' संपली त्या रात्री मामूंनी एकच तक्रार केली. त्यांना निवेदकाचा राग आला होता. "सब देखता, सब समझता, फिर करता कुछ क्यूं नै?" असे ते दोन-तीनदा म्हणाले. आम्ही कादंबरीच्या रचनेविषयी, निवेदकाच्या आजाराविषयी काहीबाही बोललो. मामूंचे समाधान झाले नाही. आठ दिवसांनी त्यांनी विचारले, याच्या कथाही आहेत म्हणतोस, त्या कुठे मिळतील?