‘नामा म्हणे’ : म्हणणारा कोण?



हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नर्सी हे गाव नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून आपल्याला वंदनीय आहे. आषाढी झाली की परतवारीला भाविक येथे येतात आणि नामदेवरायांपुढे माथा टेकवतात. त्यांच्या नाममुद्रेविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे, कारण ती मुद्रा आता यंत्राच्या तोंडी गेली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती आता हातातल्या मोबाइलमध्ये आली. ‘पंढरीवर अभंग लिहून दे’ एवढे सांगितले की तांब्यातले पाणी पिऊन होईपर्यंत अभंग तयार. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळलेले. मागणाऱ्याने सांगितले असेल तर शेवटी ‘नामा म्हणे’सुद्धा. वाचणारा भोळा भाविक हात जोडतो आणि चार जणांना पुढे पाठवतो.

अभंग म्हणून ही रचना कशी आहे, ते आधी प्रामाणिकपणे पाहू. विटेवरचा सावळा, चंद्रभागा, तुळशीमाळ, टाळ-मृदंग, सगळे जागच्या जागी असते. कानाला गोडही लागते. पण असे दहा अभंग एकापुढे एक ठेवून वाचा. याचा चरण उचलून त्यात घातला तरी कुठे काही अडत नाही. त्यात कोणाचे घर दिसत नाही, कोणाचा धंदा दिसत नाही, देवाशी कोणाचे भांडण दिसत नाही. सावतोबांच्या अभंगात मळा आहे, जनाबाईंच्या अभंगात जाते आहे. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एका पदात ते मनाचा गज करतात, जिभेची कात्री करतात आणि यमाचा फास कापायला बसतात. ही उपमा यंत्र आता शंभर वेळा देईल, कारण ती त्याने कुठेतरी लिहिलेली पाहिली आहे. नामदेवरायांच्या घरी मात्र गज आणि कात्री रोजच्या कामाची होती.

कोणी म्हणेल, ‘महाराज, आज नाही जमले तरी उद्या यंत्राला याहून सरस जमेल.’ जमू द्या. आपला प्रश्न सरस-नीरसाच्या पुढचा आहे.

नामदेवरायांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. तो पुरा व्हायचा राहिला. पुढे पांडुरंगाला बरोबर घेऊन ते तुकोबांच्या स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग तू कर, असे सांगितले, ही हकिकत तुकोबांनी स्वतःच अभंगात नोंदवली आहे. आता विचार करा. उरलेला आकडाच भरायचा असता तर आजच्या यंत्राइतके सोयीचे दुसरे काय? ते न थकता, न झोपता अभंगांची रास घालील. पण नामदेवराय कोणाकडे गेले? 1630च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याची बायको अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकान बुडाले, त्या देहूच्या वाण्याकडे. तुकोबांची गाथा साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची आहे. शतकोटीच्या हिशेबात ती किती? तरीही तुकोबांनी संकल्प अपुरा ठेवला, असे कोणी वारकरी म्हणत नाही. संतांनी मोजणी कशाची केली, ते यावरून कळते.

आणखी एक कथा घ्या. संत मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवरायांचे मडके कच्चे आहे, असा निवाडा दिला. नामदेवराय त्या वेळी पांडुरंगाचे लाडके होते. देव त्यांच्याशी बोलत होता, कीर्तनात डोलत होता. त्यांच्या वाणीत खोट आहे, असे कोणी म्हटले नाही. परीक्षा झाली ती बोलणाराची. मग ते दुखावल्या मनाने औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या त्या गुरूने त्यांना देव नाही अशी जागा दाखवायला सांगितले. तिथे मडके भाजले गेले. औंढा आणि नर्सी, दोन्ही आपल्या याच जिल्ह्यात. पुढचे अभंग त्या भाजलेल्या मडक्यातून आले. यंत्राचा अभंग कितीही रेखीव असला तरी गोरोबाकाकांनी थापटणे कुठे मारायचे? तिथे डोके नाही, अपमान वाटून घेणारे मन नाही, म्हणून औंढ्याची वाटही नाही.

‘म्हणे’ या शब्दाचे वजन इथे आहे. नाममुद्रा म्हणजे साक्षीदाराची सही. हे मी भोगले, हे मी पाहिले, आणि याला मी जबाबदार आहे. 1296 साली आळंदीला माउलींनी समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय जवळ होते. समाधीचे त्यांचे अभंग आजही डोळ्यांत पाणी आणतात, ते एका साक्षीदाराचे बोल म्हणून.

जाणकार विचारतील, गाथेत मिसळ पूर्वी झाली नाही काय? झाली. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवरायांच्या रचनांत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करताना अभ्यासकांना अजून कष्ट पडतात. पण विष्णुदास नामाही हाडामांसाचे भक्त होते. दोन माणसांची एक मुद्रा झाली, म्हणून घोटाळा झाला. आता मुद्रेमागे माणूसच नाही. आपल्या पूर्वसूरींनी अशी मिसळ गोड मानून घेतलेली नाही. 1584 साली नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावून ठेवले.

यंत्र टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. गाथेतला अभंग शोधायला, डोळे अधू झालेल्या आजोबांना तो वाचून दाखवायला ते खुशाल वापरावे. पण आपले कीर्तन प्रमाणावर उभे असते. यंत्र गाथेत नसलेली ओळसुद्धा असल्यासारखी ठामपणे देते. ती ओळ एखाद्या तरुण कीर्तनकाराने विश्वासाने सप्ताहात म्हटली, श्रोत्यांनी वहीत उतरवली, की पुढच्या पिढीला तीच नामदेवरायांची वाटेल. म्हणून प्रमाण द्यायचे तर छापील गाथेतला अभंग पाहून, नाही सापडला तर फडातल्या जाणत्या माणसाला विचारून द्यावे. मोबाइलवर नवा अभंग आला तर पुढे पाठवण्याआधी ‘कोणत्या गाथेतला?’ एवढे पाठवणाऱ्याला विचारावे.

आणि ज्याला लिहावेसे वाटते त्याने लिहावे. गोणाई, राजाई, मुले, दासी म्हणवणाऱ्या जनाबाई, नामदेवरायांच्या घरात प्रत्येकाच्या नावाने अभंग आहेत. एवढा थोर कवी घरात असताना जनाबाईंनी आपली सही ‘जनी’ अशीच केली. दळण दळताना जे सुचले ते त्यांचे होते. तुम्ही सोयाबीन काढणाऱ्या मावशी असा, एसटीचे वाहक असा, की शाळेतले गुरुजी असा. अक्षर एखादे कमी-जास्त होईल, यमक अडेल, अडू द्या. शेवटी आपले नाव घाला आणि पुढच्या एकादशीला भजनात उभे राहून चार माणसांसमोर म्हणा. नामदेवरायांची मुद्रा मात्र नामदेवरायांकडेच राहू द्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.