शोकेसमधल्या गाडीला मिस्त्री लागत नाही

विषय जुन्या वस्तूंच्या शौकाचा आहे. पण पिंपरी-चिंचवडमध्ये त्यावर बोलताना एक अडचण येते. इतर गावांत चेतक स्कूटर ही आठवण असते. आपल्याकडे ती शेजारच्या आकुर्डीत बनलेली वस्तू आहे. ती जोडणारे हात अजून निगडी-चिंचवडात आहेत. त्यामुळे ‘मूळ’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा.

चेतक आली 1972 मध्ये. तिच्यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले. 2009 मध्ये बजाजने स्कूटरमधून अंग काढून घेतलं आणि 2019 मध्ये तेच नाव चाकणला बनलेल्या विजेवरच्या स्कूटरला दिलं. नाव परत आलं. डाव्या मुठीतले गिअर आणि चालू होईना म्हणून गाडी झुकवून मारलेली किक, हे मागे राहिलं. ते आता शौकिनांच्या हाती आहे, आणि शौकिनांचे पंथ दोन.

पहिला शोरूमवाल्यांचा. रंग कंपनीचाच हवा, नटबोल्टही तेच हवेत, ओरखडा एक नको. कायद्याचं मापही त्यांच्याकडेच झुकलेलं आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडीच ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये भरायचे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळवायची, आणि मग गाडी रोज वापरायची नाही. मान मिळतो, भाजी आणायची सोय जाते.

दुसरा पंथ वापरणाऱ्यांचा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, दिवा जास्त उजेडाचा लावला, गाडी चालली म्हणजे झालं!

व्हॉल्व्हच्या रेडिओवाल्यांत अगदी हीच भांडणं आहेत. ठाण्याच्या कारखान्यातला एखादा मर्फी घ्या. त्यातले मेणकागदी कंडेन्सर इतक्या वर्षांनी गळतात. ‘मूळ तेच ठेवू’ म्हणून सेट चालू केला, तर नको तिथे व्होल्टेज पोचून आउटपुटचा व्हॉल्व्ह जाऊ शकतो. म्हणून मूळवादी काय करतात? जुन्या कंडेन्सरचं कवच पोखरतात आणि नवा आत लपवतात. वापरणारे नवा उघड जोडतात. तिसरे काही जण आतलं सगळं उपटून लाकडी पेटीत ब्लूटूथ स्पीकर बसवतात. त्याला आम्ही रेडिओ म्हणत नाही; ते फर्निचर आहे.

आमचा कौल वापरणाऱ्यांकडे आहे, पण डोळे झाकून नाही. दोन-स्ट्रोकचा धूर खरा आहे. सगळे रोज चेतक काढू लागले तर छातीला परवडणार नाही. शोरूमवाल्यांचं ऋणही मान्य केलं पाहिजे. रंगाची नेमकी छटा, वायर कुठून फिरते, हे कळायला चार गाड्या जशाच्या तशा असाव्याच लागतात.

पण सगळ्याच तशा झाल्या तर? शोकेसमधल्या गाडीला मिस्त्री लागत नाही. न लावलेल्या रेडिओला ट्युनिंग जुळवणारा कान लागत नाही. पॉइंटमधली फट नजरेने ओळखणारे आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली पोरगं तेव्हाच टिकेल, जेव्हा दुरुस्तीला गाडी येईल. आवडनिवड ही खासगी गोष्ट, असं आपण म्हणतो. इथे मात्र आपली आवड एखाद्याचं कसब जगवते किंवा संपवते. कारखान्यांच्या या पट्ट्यात जपण्यासारखं जे आहे, ते पत्र्यापेक्षा जास्त हातांत आहे.

म्हणून आमची कसोटी साधी आहे: वस्तू तिचं काम करते का, आणि झालेली दुरुस्ती ती लपवते का? कारखान्यातून निघाली तो एकच दिवस तिचा खरा, आणि पुढची चाळीस वर्षं खोटी, असं कसं म्हणायचं? कुणीतरी मारलेला झाळणीचा टाकाही तिचाच इतिहास आहे.

तेव्हा विनंती एवढीच. काढलेला मूळ भाग टाकू नका, डब्यात ठेवा. काय बदललं, कधी, कुणी, याची चिठ्ठी गाडीच्या डिकीत किंवा रेडिओच्या मागच्या झाकणाला आतून लावा. त्या चिठ्ठीवर मिस्त्रीचं नाव असू द्या. कंपनीचं नाव तर पत्र्यावर आहेच.