ई-क्रीडेची यादी : मालकाची, सरकारची की खेळणाऱ्यांची?

गेली अकरा वर्षे मी महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या खेळांची एक सूची करतो आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. चुडाव्यात राहून, पूर्णा-नांदेडच्या वाचनालयांत बसून जे हाती लागते त्यावर हे काम चालते. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, सारीपाट. प्रत्येक खेळाला एक कार्ड, आणि त्यावर नियम, गावोगावची नावे, लागणारे साहित्य, कोण खेळते, कधी खेळते. मोबाइलवरचे आणि संगणकावरचे खेळ या सूचीत घ्यायचे की नाहीत, याचे उत्तर मला फार शोधावे लागले नाही. आट्यापाट्यांच्या पाट्या जिथे कित्येक वर्षांत आखलेल्या दिसल्या नाहीत आणि स्टेशनच्या बाकांवर चार-चार पोरे एकाच लढाईत गुंतलेली रोज दिसतात, तिथल्या सूचीकाराने ते घ्यायलाच हवेत. अडले ते पुढच्या प्रश्नावर. असे खेळ हजारो आहेत. त्यांतला कोणता ‘क्रीडा’ म्हणून नोंदवायचा आणि कोणता करमणूक म्हणून सोडून द्यायचा?

तयार याद्या आहेत. त्या एकेक करून तपासल्या तेव्हा लक्षात आले, की यादी करणाऱ्याची सोय आणि खेळाचे महत्त्व या दोन गोष्टींची त्यांत सर्रास गल्लत झालेली आहे.

पहिली यादी आशियाई स्पर्धांची. २०१८ साली जकार्त्यात ई-क्रीडा प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली. तिथे भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने ‘हर्थस्टोन’ या पत्त्यांच्या धर्तीवरच्या खेळात कांस्यपदक मिळवले. प्रात्यक्षिक असल्यामुळे ते पदकतालिकेत धरले गेले नाही. पुढच्या हांगझोउ स्पर्धेत, म्हणजे २०२३मध्ये, ई-क्रीडेला खरी पदके मिळणार होती आणि जाहीर झालेल्या आठ खेळांत हर्थस्टोनही होता. प्रत्यक्षात सातच खेळले गेले. त्या वर्षी जानेवारीत हर्थस्टोन बनवणारी अमेरिकी कंपनी ब्लिझार्ड आणि तिची चीनमधली भागीदार नेटईज यांचा करार संपला, चीनमध्ये तो खेळ बंद झाला आणि यादीतूनही गेला. खेळाचे नियम तेच होते, खेळाडूही होते. करार तेवढा संपला होता. उरलेल्या सातांत ‘ड्रीम थ्री किंग्डम्स २’ हा खेळ मात्र राहिला. चीनबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते. तो बनवणारी कंपनी यजमान हांगझोउ शहरातलीच, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसरी यादी ऑलिंपिकवाल्यांची. जून २०२३मध्ये सिंगापूरला ऑलिंपिक ई-क्रीडा सप्ताह झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला माणसे मारण्याचे खेळ नको होते, आणि ती भूमिका मला समजते. पण त्याऐवजी निवडले काय? मोबाइलवरचा टेनिसचा एक हलकाफुलका खेळ, धनुर्विद्या आणि फुलीगोळ्याची भेळ असलेला दुसरा एक खेळ, असलेच बरेचसे. ‘फोर्टनाइट’ घेतला, तोही नेमबाजीसाठी मुद्दाम बेतलेल्या वेगळ्या मैदानावर. बुद्धिबळ आणि मोटारींची शर्यत सोडली, तर ज्यांच्या स्पर्धा लोक वर्षानुवर्षे खेळत-पाहत आले असे तिथे थोडेच होते. खेळ आधी आणि मान्यता नंतर, हा आपला नेहमीचा क्रम. इथे मान्यता आधी ठरली आणि तिच्या मापाचे खेळ शोधले गेले.

तिसरे माप पैशाचे, आणि वर्तमानपत्रांना तेच सर्वांत आवडते. ‘डोटा २’ या खेळाच्या ‘द इंटरनॅशनल’ या वार्षिक स्पर्धेची बक्षिसाची रक्कम २०२१ साली चार कोटी डॉलरवर गेली होती. ती मुख्यतः प्रेक्षकांच्या खिशातून आली होती. खेळातल्या एका सशुल्क पुस्तिकेच्या विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात जाई. २०२३मध्ये कंपनीने ती पद्धत बदलली आणि रक्कम एकतीस लाख डॉलरच्या आसपास आली. दोन वर्षांत तो खेळ बारा-तेरा पटींनी क्षुल्लक झाला, असे कोणी म्हणेल काय? मैदान तेच, संघही पुष्कळसे तेच. बक्षिसाच्या आकड्यावरून कंपनीची विक्रीची पद्धत कळते. खेळाची थोरवी मोजायला तो निरुपयोगी आहे.

मग माप कोणते? इथे मला आपल्याच मातीतल्या खेळांचा इतिहास उपयोगी पडला. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्यात बांधले गेले. हुतुतूची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार होते आणि बाद झालेला गडी परत येणार की नाही, एवढ्यावरून खेळाची सगळी प्रकृती बदलत असे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९०ला बीजिंगमध्ये कबड्डीचे सुवर्णपदक भारताला मिळाले. या प्रवासात ‘हुतुतू’ हे नाव मागे पडले, त्याची हळहळ मला आहे. पण मुद्दा वेगळा आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला, तेव्हा कोणता खेळ घ्यावा यासाठी त्यांना कोणा मालकाचे दार ठोठवावे लागले नाही. कबड्डीला मालक नव्हता. व्हिडिओ गेमला असतो. उद्या त्याने सर्व्हर बंद केला की मैदानच नाहीसे होते. म्हणून कबड्डीला न विचारावा लागणारा एक प्रश्न इथे विचारलाच पाहिजे: मालकाच्या प्रोत्साहनाशिवाय, प्रसंगी त्याच्या नाराजीला न जुमानता, लोकांनी या खेळाच्या स्पर्धा भरवल्या का, आणि टिकवल्या का?

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारे उदाहरण जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे आहे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा तिचा खेळ २००१ सालचा. कंपनी पुढच्या आवृत्त्यांकडे वळली, खेळाडू याच आवृत्तीला चिकटून राहिले. चित्राला क्षणाचाही उशीर चालत नाही म्हणून भंगारातले जुने पेटीसारखे टीव्ही आणून त्यांनी स्पर्धा घेतल्या. ‘इव्हो’ ही द्वंद्वखेळांची मोठी अमेरिकी स्पर्धा. तीही १९९६मध्ये खेळाडूंनीच सुरू केलेली. २०१३ साली तिच्या यादीतली एक जागा रिकामी होती आणि ज्या खेळाचे चाहते कर्करोग संशोधनासाठी जास्त देणगी जमवतील त्याला ती मिळेल असे ठरले. मेलीवाल्यांनी ९४ हजार डॉलरच्या वर जमवले. मग निन्टेन्डोने प्रक्षेपणाला हरकत घेतली, ओरड झाली आणि हरकत मागे घेतली गेली. कोणता खेळ मोजायचा याचा निवाडा इतक्या उघडपणे झालेला मला दुसरीकडे सापडला नाही.

याच मापाने ‘काउंटर-स्ट्राइक’ सहज आत येतो; दोन तरुणांनी दुसऱ्याच एका खेळात फेरफार करून तो १९९९मध्ये घडवला होता. कोरियातला ‘स्टारक्राफ्ट’ही येतो, ज्याच्या प्रक्षेपणाच्या हक्कांवरून तिथली ई-क्रीडा संघटना आणि कंपनी यांच्यात रीतसर भांडण झाले. २०१०मध्ये त्याच खेळात सामने ठरवून हरल्याचे प्रकरण निघाले. एखाद्याला विचित्र वाटेल, पण लबाडी हाही मी पुरावा धरतो. ज्या हारजितीची कोणाला पर्वा नाही, तिथे कोण कशाला फसवील? २०१८मध्ये शांघायच्या एका काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत भारतीय संघातल्या खेळाडूच्या संगणकात नेम आपोआप धरणारी आज्ञावली सापडली आणि संघ बाद झाला. लाजिरवाणी गोष्ट, कार्डावर मात्र ती हवी.

आता आपल्या दाराशी येऊ. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, जुलै २०२१मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. या येण्याजाण्याच्या काळातही चुडावा-पूर्णा पट्ट्यातली पोरे आपापसांत ‘रूम’ लावत राहिली. रूम म्हणजे निमंत्रितांचा बंद सामना. आयडी आणि पासवर्ड ठरलेल्या वेळी मिळतो. एका रूमच्या नियमांचा कागद मी उतरवून घेतला आहे. वहीच्या पानावर पेनाने लिहिलेले अकरा नियम. दोन संघांनी आतून संगनमत केले तर दोघेही बाद. संगणकावरून खेळणे बंद. नेट गेले तर सामना पुन्हा होणार नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत निम्म्यांचे गेले तर होईल. आयपॅडला बंदी का, असे मी विचारले तेव्हा लिहिणारा म्हणाला, “काका, त्याला जास्त दिसतंय ना बाजूचं. मग तो रडीचा डाव झाला.” हा कागद मला खो-खोच्या पहिल्या नियमांइतकाच मोलाचा वाटतो. कंपनीच्या नियमावलीत यातल्या नेटच्या कलमाला जागा नाही. ते इथल्या टॉवरच्या अनुभवातून आले आहे.

आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. २३ डिसेंबर २०२२च्या अधिसूचनेने बहुक्रीडा स्पर्धांतली ई-क्रीडा केंद्राच्या क्रीडा विभागाकडे दिली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तिची व्याख्या केली: बहुक्रीडा स्पर्धांचा भाग असलेली, राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता मिळालेली, प्राधिकरणाकडे नोंदलेली, केवळ कौशल्यावर निकाल लागणारी, पैज नसलेली. प्रवेशशुल्क घेता येईल, पण ते फक्त प्रवेशापुरते किंवा खर्चापुरते. याबाहेर राहून पैसे भरून पैसे जिंकायचे असतील, तर कौशल्य असो वा नशीब, तो ‘ऑनलाइन मनी गेम’. आणि तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कर्जात बुडालेली घरे मीही पाहिली आहेत. जुगाराच्या ॲपांवर बडगा उगारला याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येकी वीस रुपये गोळा करून जिंकणाऱ्या चौघांना वाटून देणारी वहीच्या पानावरची रूम या व्याख्येत कुठे बसते? तोच नकाशा, तीच बंदूक, तोच नेम. मुंबईच्या मंडपात नोंदणी असेल तर क्रीडा, आणि स्टेशनच्या बाकावर झाला तर तो भरवणारा पोरगा कदाचित गुन्हेगार. गावच्या जत्रेत कुस्तीच्या इनामासाठी वर्गणी गोळा होते, कबड्डीच्या सामन्यांना प्रवेश फी असते. तिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बैठ्या खेळाला क्रीडा कसे म्हणावे, हा आक्षेप मला वारंवार ऐकवला जातो. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू कोट्याच्या यादीत ब्रिज, कॅरम आणि बुद्धिबळ फार पूर्वीपासून आहेत; पुण्यात जन्मलेला रोलबॉल आणि आपला मल्लखांब त्यात २०२०मध्ये आले. अंगाला घाम आला की नाही, यावर ती यादी कधीच उभी नव्हती. त्या यादीत नाव असण्याचा अर्थ परभणीच्या मुलाला सांगावा लागत नाही. फॉर्मवर प्रमाणपत्राचा रकाना असतो.

माझ्या कार्डांवर तूर्त सात व्हिडिओ गेम आहेत, आणि हांगझोउच्या साताशी त्यांचा मेळ बसत नाही. हर्थस्टोन आहे. लूडोचे ॲप नाही; गावात ते कितीही चालत असले तरी फाशावर उभ्या असलेल्या त्या खेळाचे नियम धरून भरवलेली एकही स्पर्धा मला या पट्ट्यात आढळली नाही. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, पण त्याआधीच्या रूमची माहिती तीन गावांतून मिळाली, म्हणून तोही आहे. बॅटलग्राउंड्सच्या कार्डावर ‘कोण खेळते’ या रकान्यात ‘मुलगे’ एवढेच लिहिले आहे. मुली खेळत नाहीत असे नव्हे. घरातला फोन संध्याकाळी भावाच्या हातात असतो. त्या रकान्यापुढे मी जागा मोकळी सोडली आहे. वहीच्या पानावरचे अकरा नियम कार्डाच्या मागे उतरवले आहेत, लिहिणाऱ्याचे नाव मात्र घातलेले नाही. कायद्याचा अर्थ कसा लागतो हे कळेपर्यंत ते घालणारही नाही.