वारसा आणि आवड : संग्रहालयातील व्यक्तिनुरूप तंत्रज्ञानाची धार-धरमपुरीच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

संग्रहालयात येणारा प्रत्येक माणूस स्वतःची भाषा, स्वतःची जाण आणि स्वतःची सवड घेऊन येतो. वस्तूखालची पाटी मात्र सर्वांसाठी एकच असते. ही अडचण संगणकाच्या साहाय्याने दूर करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील 'चिप' हा २००५ साली सुरू झालेला प्रकल्प विशेष महत्त्वाचा मानावा लागेल. या प्रकल्पात प्रेक्षक काही कलाकृतींना एक ते पाच तारे देतो. त्यावरून यंत्रणा त्याची आवड ताडते, त्याला रुचतील अशा कलाकृती व विषय सुचवते आणि दालनांतील फेरीचा मार्गही आखून देते. पुढे २०११ साली ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे 'मोना' संग्रहालयाने भिंतीवरच्या पाट्या काढून प्रेक्षकाच्या हाती छोटे यंत्र दिले. २०१५ साली न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयाने आवडलेल्या वस्तू 'टिपून' घेणारी लेखणी दिली.

भारतात या दिशेची पायाभरणी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने केली. तिने तयार केलेल्या 'जतन' या प्रणालीच्या आधारे राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांच्या वस्तूंची संगणकीय नोंद झाली व २०१४ साली ती सर्वांसाठी खुली झाली. 'जतन'चे मुख्य काम नोंदींचे आहे, आवड ओळखण्याचे नाही. परंतु नोंद असेल तरच शिफारस शक्य होते, म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

प्रश्न असा की, प्रेक्षकाची आवड हा वारसा दाखविण्याचा पुरेसा निकष आहे काय? हा प्रश्न डच चित्रांच्या दालनात फारसा बोचत नाही. ज्या प्रदेशात एकाच वस्तूवर अनेकांचा जीव जडलेला आहे, तेथे तो टाळता येत नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्हा हा असा प्रदेश आहे. म्हणून या तंत्रज्ञानाची परीक्षा तेथील उदाहरणांवर करणे उपयुक्त ठरेल.

विखुरलेला वारसा आणि तंत्रज्ञानाचा लाभ :

धरमपुरी हे धार जिल्ह्यातील नर्मदाकाठचे तालुक्याचे गाव. नदीतील बेटावर बिल्वामृतेश्वराचे मंदिर आहे, तर उत्तरेला मांडूचा डोंगर. राणी रूपमतीचे माहेर काही आख्यायिकांत धरमपुरीचे सांगितले जाते, काहींत तिचे नाव सारंगपूरशी जोडले जाते. मांडूच्या कड्यावरील रूपमती मंडपातून निमाडचे खोरे व नर्मदेची रेघ दिसते.

या परिसराचा वारसा एका छताखाली नाही. मांडूचा सुलतान गियासशाह याच्यासाठी सुरू झालेला पाककृतींचा सचित्र फारसी ग्रंथ 'निमतनामा' लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १४३९ साली मांडूत लिहिलेली जैन कल्पसूत्राची सचित्र पोथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. धरमपुरीच्या विद्यार्थ्याला हे सर्व एकत्र पाहण्याची संधी सहसा मिळत नाही.

येथे व्यक्तिनुरूप तंत्रज्ञानाचा लाभ निर्विवाद आहे. गृहविज्ञानाची विद्यार्थिनी 'निमतनामा'पासून सुरुवात करू शकते. धातुशास्त्राचा विद्यार्थी धारच्या लोखंडी स्तंभाकडे वळेल. सुमारे १३ मीटर लांबीच्या या स्तंभाचे तुकडे दिलावर खानाने १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीजवळ आहेत. त्यावर अकबराच्या काळातील फारसी लेखही आहे. स्थापत्याचा अभ्यासक मांडूतील होशंगशाहच्या संगमरवरी मकबऱ्यापाशी थांबेल. शाहजहानच्या पदरी असलेले स्थापत्यकार तेथे आल्याचा १६५९ चा लेख तेथे आहे. शिवाय निमाडी, भिली, उर्दू, मराठी अशी आपापली भाषा निवडता आली, तर आजवर पाटीपुढे मुकाट उभा राहणारा प्रेक्षक प्रश्न विचारू लागेल. धारवर पवारांचे राज्य होते, ते १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. त्यामुळे मराठी वाचकाचाही या वारशाशी जवळचा संबंध आहे.

मर्यादा कोठे येते? :

ब्रिटिश म्युझियममधील एका मूर्तीचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. धार येथे १८७५ साली सापडलेली ही मूर्ती १९०९ साली त्या संग्रहालयात दाखल झाली. तिच्या पीठावर संवत १०९१ म्हणजे इसवी सन १०३४ चा लेख आहे. १९२४ साली ओ. सी. गांगुली व के. एन. दीक्षित यांनी ती भोजाची सरस्वती असल्याचे मांडले आणि ते मत लोकमानसात रुजले. पुढे १९८०-८१ च्या सुमारास हरिवल्लभ भायाणी यांनी लेखाचे पुन्हा वाचन केले व किरीट मांकोडी यांनी मूर्तीचा अभ्यास केला. लेखात वररुचीने आधी वाग्देवी व नंतर अंबेची मूर्ती घडविल्याचा उल्लेख असून प्रस्तुत मूर्ती जैन यक्षी अंबिकेची आहे, असा निष्कर्ष त्यांतून पुढे आला.

आता आवडीवर चालणारी यंत्रणा या मूर्तीचे काय करील? ज्याने सरस्वतीच्या चित्रांना पाच तारे दिले त्याला ती 'भोजाची वाग्देवी' म्हणून दाखवील. ज्याने जैन पोथ्या पसंत केल्या त्याला 'अंबिका' म्हणून. ज्याचा कल सुलतानकालीन वास्तूंकडे आहे, त्याला कदाचित ती दाखविणारच नाही. तिघेही समाधानाने बाहेर पडतील आणि तिघांचेही ज्ञान आले तेवढेच राहील. एकमेकांशी बोलू लागले, तर प्रत्येकाला दुसरा खोटा वाटेल.

हेच कमाल मौला मशिदीच्या परिसराबाबत म्हणता येईल. चिश्ती सूफी कमालुद्दीन यांची दर्गा तेथे आहे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली तेथील संस्कृत व प्राकृत लेख प्रकाशात आणले, आणि 'भोजशाला' हे नाव त्यानंतर रूढ झाले. हा वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे पाहणी केली. वादाचा निवाडा करणे हे संग्रहालयीन यंत्राचे काम नाही. पण एकाला केवळ लेख आणि दुसऱ्याला केवळ दर्गा दाखविणारे यंत्र नकळत वादात पक्षकार होते. दोघांनाही दोन्ही दाखविणे, हाच तेथे प्रामाणिकपणा होय.

'चिप' प्रकल्पाच्या कर्त्यांनी एक गोष्ट चांगली केली. अमुक कलाकृती का सुचविली, याचे कारण प्रेक्षकाला विचारता येत असे. ही सोय आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. 'तुम्हाला हे आवडते म्हणून' हे शिफारशीचे कारण झाले. विधान खरे असल्याचा तो पुरावा नव्हे.

व्यक्ती कोण ठरवतो? :

तंत्रज्ञान ज्याला 'व्यक्ती' म्हणते, ती प्रत्यक्षात काही नोंदींची बेरीज असते. नाव, भाषा, गाव, थांबण्याचा वेळ यांवरून प्रेक्षकाचा धर्म ताडणे अवघड नाही. मुस्लिम नावाच्या विद्यार्थिनीला केवळ मशिदी आणि मकबरे सुचविले गेले, तर ते सौजन्य वाटले तरी प्रत्यक्षात ते तिचे कुंपण होईल. कल्पसूत्राची पोथी आणि बिल्वामृतेश्वराचे बेट हाही तिच्याच मातीचा वारसा आहे. तसाच 'निमतनामा' तिच्या जैन वा हिंदू मैत्रिणीचाही आहे. अल्पसंख्याक समाजाच्या शिक्षणसंस्थांनी या बाबतीत अधिक सावध राहणे आवश्यक आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानतो, हेही सहलीला विद्यार्थी नेणाऱ्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

शिक्षकांसाठी कार्य :

महाविद्यालयात महागडी यंत्रे नसली तरी या विचाराचा उपयोग करता येतो. विद्यार्थ्यांकडून आपल्या परिसरातील एकेका वस्तूचे नोंदपत्र करून घ्यावे. वस्तू कोठे सापडली, आज कोठे आहे, तिच्यावर काय लिहिले आहे, तिच्याविषयी कोणी, कोणत्या साली, कशाच्या आधारे काय म्हटले, आणि लोक तिच्याविषयी काय सांगतात, असे पाच रकाने पुरेत. पुरावा आणि आख्यायिका यांचे रकाने वेगळे ठेवल्याने रूपमतीच्या माहेराची कथाही जपली जाते आणि तिचा इतिहास म्हणून गैरवापरही होत नाही.

निष्कर्ष :

व्यक्तिनुरूप तंत्रज्ञान स्वीकारण्यास हरकत नाही. त्याची हद्द मात्र ठरवावी लागेल. भाषा, तपशिलाची खोली आणि पाहण्याचा क्रम प्रेक्षकागणिक बदलावा. वस्तूविषयीचा पुरावा आणि त्यावरील प्रमुख मते मात्र सर्वांसमोर सारखीच यावीत. आवड हे दार आहे. त्या दाराने आत गेलेल्या विद्यार्थ्याला शेजाऱ्याचा वारसाही दिसला पाहिजे. धरमपुरीसारख्या गावातील महाविद्यालयीन शिक्षकाने कोणत्याही नव्या यंत्रणेविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा : ही यंत्रणा माझ्या विद्यार्थ्याला असे काय दाखवते, जे त्याने स्वतः कधी मागितले नसते?